दळण जमलं, आता एस्प्रेसो मशीन कोणतं घ्यावं?

गिरणीत दळण टाकताना आपण सांगून ठेवतो: भाकरीचं बारीक, थालीपिठाच्या भाजणीचं जरा भरड. गिरणीवाला त्याप्रमाणे पाती आवळतो किंवा सैल करतो आणि पहिलं पीठ चिमटीत घेऊन बघतो. एस्प्रेसोचं गणितही त्या चिमटीतच सुरू होतं. म्हणून ज्यांनी आधी चांगला ग्राइंडर घेतला आणि मशीनचा विचार मागे ठेवला, त्यांचा क्रम अगदी बरोबर आहे. हा लेख त्यांच्यासाठी लिहितो आहे. घरात नीश झीरो, डीएफ६४ किंवा युरेका मिन्योनसारखा विजेवरचा, नाहीतर वनझेडप्रेसोसारखा हातानं फिरवायचा ग्राइंडर आहे आणि आता साधारण ४० हजार ते १ लाख रुपयांत मशीन घ्यायचं आहे, असं मी धरून चालतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ग्राइंडर चांगला असेल तर मशीनकडून करामती मागू नका. दाब आणि तापमान रोज तेच मिळेल, एवढं मागा. पुढची निवड घरात दुधाचे किती कप होतात यावर सोडा.

आधी ग्राइंडरची परीक्षा

ग्राइंडर बारीक दळतो, एवढ्यानं भागत नाही. तो किती लहान पायऱ्यांनी बारीक होत जातो, हे एस्प्रेसोसाठी महत्त्वाचं. वनझेडप्रेसो जेएक्स-प्रोच्या एका क्लिकला पाती १२.५ मायक्रॉन सरकतात, किंग्राइंडर के६च्या एका क्लिकला १६. कोमांडान्टे सी४०ची पायरी ३० मायक्रॉनची आहे. गाळून केलेल्या कॉफीला ती उत्तम, पण एस्प्रेसोला मोठी पडते. युरेका मिन्योनला तर पायऱ्याच नाहीत, चाकी हवी तिथे थांबवता येते. हे आकडे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही लहान आहेत, तरी शॉटचा, म्हणजे एक कप एस्प्रेसो उतरण्याचा, वेळ त्यांच्यामुळे काही सेकंदांनी बदलतो.

तुमचा ग्राइंडर या कामाचा आहे का, हे ओळखायची सोपी रीत आहे. मित्राकडच्या किंवा दुकानातल्या मशीनवर १८ ग्रॅम पूड घेऊन ३६ ग्रॅम कॉफी काढा. २५ ते ३० सेकंद लागले पाहिजेत. मग एक पायरी बारीक करून पुन्हा काढा. वेळ तीन-चार सेकंदांनी वाढला तर ग्राइंडर कामाचा आहे. एका पायरीत वेळ वीसवरून चाळीस सेकंदांवर गेला, तर मशीनचे पैसे तूर्त बाजूला ठेवा आणि आधी ग्राइंडर बदला. मधला नेमका वेळ त्यावर कधीच सापडणार नाही, मग मशीन कितीही भारी असो.

पंधरा बारचं स्टिकर

घरातल्या प्रेशर कुकरची शिट्टी साधारण १ बार दाबाला होते. एस्प्रेसोला ९ बार लागतात. मिलानच्या आकिले गाजियानं १९४०च्या दशकात लीव्हरच्या यंत्रातून असा मोठा दाब कॉफीवर आणला, तेव्हा कपावर पहिल्यांदा ती सोनेरी-तपकिरी साय आली, जिला आज आपण क्रेमा म्हणतो. १९६१ साली फाएमा कंपनीच्या ई६१ यंत्रानं हाताच्या लीव्हरऐवजी पंप आणला आणि सतत ९ बारच्या आसपासचा दाब ही कॅफेंची रीत झाली.

दुकानातल्या खोक्यांवर मात्र १५ बार, २० बार असे आकडे मोठ्या अक्षरांत असतात. तो पंपाचा जास्तीत जास्त जोर आहे, कॉफीवर पडणारा दाब नव्हे. चांगल्या मशीनमध्ये जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह असतो, त्याला ओपीव्ही म्हणतात. तो ९ ते १० बारला लावलेला आहे का, एवढंच विक्रेत्याला विचारा. दाब जास्त झाला की कॉफीची दाबलेली वडी फुटते आणि बांधाला भगदाड पडावं तसं पाणी एकाच वाटेनं निघून जातं. कपात मग एकाच वेळी आंबट आणि कडू असं काहीतरी येतं.

दुसरा प्रश्न बास्केटचा, म्हणजे पूड भरायच्या छिद्रांच्या वाटीचा. स्वस्त मशीनबरोबर डबल वॉल बास्केट येते. तिच्या बुडाला एकच बारीक छिद्र असतं आणि दाब त्या छिद्रामुळे तयार होतो, दळणामुळे नाही. माझं पहिलं मशीन असंच होतं. नवा ग्राइंडर आणला, आठवडाभर दळण मागेपुढे केलं आणि कपात काडीचा फरक पडेना. दोष ग्राइंडरचा वाटत होता. खरं तर ती बास्केट त्याला बोलूच देत नव्हती. म्हणून मशीन घेताना साधी, सगळीकडे छिद्रं असलेली सिंगल वॉल बास्केट मिळते का, हे पहिल्यांदा बघा. ती मिळत नसेल तर तुमच्या ग्राइंडरवर खर्च केलेले पैसे वाया जातील.

तिसरी गोष्ट पोर्टाफिल्टरच्या, म्हणजे बास्केट बसवायच्या दांडीच्या, मापाची. कॅफेंतलं प्रचलित माप ५८ मिमी आहे. त्या मापाच्या बास्केट, पूड दाबायचे टॅम्पर, जाळ्या कुठल्याही कंपनीच्या घेता येतात. ५४ किंवा ५१ मिमीवरही चांगली कॉफी होते, पण पुढे काही बदलायचं म्हटलं की निवड आखडते. दोन मशीन बाकी सारखीच वाटत असतील तर ५८चं घ्या.

तापमान आणि तुमच्या बिया

चाळीस हजार आणि ऐंशी हजारांच्या मशीनमधला खरा फरक बहुतेक वेळा तापमानाच्या सांभाळात असतो. साध्या मशीनमध्ये थर्मोस्टॅट असतो आणि तो इस्त्रीसारखा वागतो. दिवा लागतो, बॉयलर तापतो, दिवा विझतो, बॉयलर निवत जातो, पुन्हा दिवा लागतो. या चक्रात तुम्ही कधी शॉट काढला, त्यावर पाणी किती गरम आलं हे ठरतं. सवयीनं दिव्याकडे बघून नेमकी वेळ साधता येते आणि अनेकजण ती वर्षानुवर्षं साधतात. पीआयडी नियंत्रण असलेलं मशीन तापमान सतत मोजतं आणि गरजेपुरतीच ऊब देत राहतं, त्यामुळे ते एखाद-दुसऱ्या अंशाच्या आत राहतं.

पीआयडीसाठी जादा पैसे द्यावेत का? याचं उत्तर तुमच्या बियांत आहे. गडद भाजलेली कॉफी, म्हणजे चॉकलेट, गूळ, भाजलेल्या शेंगदाण्याच्या चवीची, तापमानातला थोडा चढउतार सहन करते. मॉन्सून्ड मलबारचं मिश्रण किंवा चांगला रोबस्टा घातलेलं इटालियन धाटणीचं मिश्रण पीत असाल, तर थर्मोस्टॅटवर तुमचं छान निभेल. पण चिकमंगळूर किंवा कोडगूच्या मळ्यांतली हलकी भाजलेली अरेबिका, फळांच्या चवीसाठी घेत असाल, तर पीआयडी हवंच. हलकी भाजलेली बी टणक असते, तिला ९४-९५ अंशांचं पाणी लागतं. तापमान चार अंशांनी घसरलं की कप कच्च्या चिंचेसारखा आंबट होतो आणि माणूस दळण बारीक करत बसतो. चांगला ग्राइंडर असलेल्यांची कॉफी इथंच सर्वांत जास्त अडते.

घरात दूध किती?

आपल्याकडे एस्प्रेसो मशीन घेणारे बहुतेक लोक प्रत्यक्षात कापुचिनो आणि लाटे पितात. म्हणून हा प्रश्न प्रामाणिकपणे सोडवा: सलग किती कप दूध फेसाळायचं असतं?

सिंगल बॉयलरच्या मशीनमध्ये कॉफीचं पाणी आणि वाफ एकाच भांड्यातून येते. आधी शॉट काढायचा, मग वाफेचं बटण दाबून बॉयलर आणखी तापेपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबायचं, मग दूध फेसाळायचं, मग थोडं पाणी सोडून बॉयलर पुन्हा थंड करायचा आणि पुढचा शॉट. सकाळी दोन कप करायला हे काहीच नाही. पण रविवारी चार पाहुणे आले की चौथा कप होईपर्यंत पहिल्याचा फेस बसलेला असतो. घरात दिवसाला एक ते तीन दुधाचे कप होत असतील तर सिंगल बॉयलर घ्या आणि वाचलेले पैसे बियांवर खर्च करा.

सलग चार किंवा जास्त कप रोज होत असतील, तर हीट एक्स्चेंजर प्रकार बघा. त्यात मोठा बॉयलर सतत वाफेवर असतो आणि कॉफीचं पाणी त्याच्या पोटातल्या नळीतून तापत जातं, त्यामुळे शॉट आणि दूध एकाच वेळी होतं. डबल बॉयलरमध्ये दोन्हींची भांडीच वेगळी असतात. तापमानाचा ताबा त्यात सर्वांत चांगला, पण किंमत बहुधा आपल्या मर्यादेबाहेर जाते आणि डागडुजीच्या जागाही वाढतात. कोरी एस्प्रेसो किंवा अमेरिकानो पिणाऱ्याला या दोन्हींची गरज नाही.

काही नावं

गाजिया क्लासिक १९९१पासून बाजारात आहे. पोर्टाफिल्टर ५८ मिमीचा, शॉट संपल्यावर वरचा दाब काढून घेणारा सोलेनॉईड व्हॉल्व्ह आहे, म्हणून कॉफीची वडी कोरडी निघते. बॉयलर लहान असल्यानं लवकर तापतो आणि तितक्याच लवकर निवतो. मूळ मशीनमध्ये पीआयडी नाही. घडण साधी असल्यानं सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती सहज मिळते. गडद भाजलेली कॉफी आणि दिवसाला दोन-तीन कप असतील तर पैशाचा सर्वांत चांगला मोबदला यात आहे.

रँचिलिओ सिल्व्हिया १९९७ची. कॅफेंची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीनं घरासाठी केलेलं हे मशीन पोलादी सांगाड्याचं आणि ३०० मिलीच्या पितळी बॉयलरचं आहे. वाफ जोरकस, त्यामुळे दूध गाजियापेक्षा सोपं जातं. मात्र तापायला अर्धा तास द्यावा लागतो आणि थर्मोस्टॅटचा चढउतार मोठा आहे. सकाळी उठल्याबरोबर बटण दाबून मग अंघोळीला जाणाऱ्या माणसाला ते मानवतं.

लेलिट व्हिक्टोरिया आणि प्रोफिटेक गो या दोन्हींत ५८ मिमीचा पोर्टाफिल्टर, दाबाचं मीटर आणि मुळातच पीआयडी आहे. हलकी भाजलेली कॉफी पिणाऱ्यांनी याच वर्गात बघावं. माझा कौल चांगल्या ग्राइंडरसाठी इथंच पडतो. लेलिट ॲनामध्येही पीआयडीचा पर्याय आहे, पण तिचं माप ५७ मिमी. ब्रेव्हिल बॅम्बिनो ५४ मिमीचं, तीन सेकंदांत तापणारं. ऑफिसच्या घाईत एक कप हवा असणाऱ्यांना ते सोयीचं; फक्त सिंगल वॉल बास्केट सोबत आहे की वेगळी घ्यावी लागेल, ते विचारून घ्या. दुधाचे कप जास्त असतील तर लेलिटचं मारा एक्स हे हीट एक्स्चेंजर मशीन पाहण्यासारखं आहे.

आणि दूध नकोच असेल तर हातानं दाब देण्याची साधनं विसरू नका. कॅफेलॅट रोबोटला वीजच लागत नाही. उकळतं पाणी ओता आणि दोन्ही हातांनी दांडे खाली दाबा. चांगला ग्राइंडर सोबत असेल तर त्यातली कॉफी महागड्या मशीनच्या तोडीची होते, आणि बिघडायला आत फारसं काही नाही.

वीज, पाणी, मिस्त्री

अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून मशीन मागवायचा मोह आवरा. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही, आणि या मशीनमधला कंपनावर चालणारा पंप हर्ट्झच्या तालावरच धडधडतो. शिवाय १४०० वॉटचा भार पेलणारा ट्रान्सफॉर्मर मशीनइतकीच जागा खातो. लंडन, दुबई किंवा सिंगापूरहून आणलेलं मशीन विजेच्या दृष्टीनं चालेल, पण वॉरंटी बहुतेक वेळा जिथे घेतलं त्याच देशापुरती असते. १४०० वॉट म्हणजे सहा अँपियरच्या वर. तेव्हा मिक्सरच्या छोट्या प्लगवर ते चालवू नका. १६ अँपियरचा, अर्थिंग असलेला प्लगपॉइंट ओट्याजवळ करून घ्या.

पाण्यानं मशीन जितकी बिघडतात, तितकी दुसऱ्या कशानं बिघडत नाहीत. मुंबईत तलावांतून येणारं पालिकेचं पाणी मवाळ असतं. टँकर किंवा बोअरवेलचं पाणी असेल तर बादलीवरचे पांढरे डाग आणि गिझरच्या कॉईलवरचा थर आठवा. तेच बॉयलरच्या आत होतं. उलट आरओचं अगदी निर्जीव पाणीही बरं नाही. कॉफी सपक लागते, आणि पाण्याची पातळी विजेच्या वहनावरून ओळखणाऱ्या बॉयलरला असं पाणी दिसतच नाही. पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर काही महाग नसतो. आरओच्या पाण्यात थोडं साधं गाळलेलं पाणी मिसळून आकडा ८० ते १५०च्या दरम्यान आणा.

घेण्याआधी सर्व्हिस सेंटरला स्वतः फोन करा आणि नेमकं विचारा: ग्रुपचं रबर गॅस्केट आणि सोलेनॉईड व्हॉल्व्ह तुमच्याकडे आत्ता आहेत का? माणूस माझ्या शहरात येतो का, की मशीन पाठवावं लागतं? गॅस्केट झिजणारच, वर्षा-दोन वर्षांनी बदलावं लागणारच. या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर दुसऱ्या मशीनकडे वळा.

दुकानात तीन शॉट

जिथे चालवून बघता येतं, तिथे स्वतःचा ग्राइंडर, स्वतःच्या बिया आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घेऊन जा. मशीन अर्धा तास तापू द्या. एकाच दळणावर, प्रत्येक वेळी १८ ग्रॅम मोजून, पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं तीन शॉट काढा.

बघायचं काय? पंप सुरू झाल्यावर पहिले सहा-सात सेकंद काहीच पडत नाही. मग गडद तपकिरी थेंब फुटतात, एकत्र येतात आणि उंदराच्या शेपटीसारखी बारीक, मधासारखी संथ धार कपात उतरते. हळूहळू ती फिकी होते. काट्यावर ३६ ग्रॅम झाले की थांबवा आणि सेकंद लिहून ठेवा. तिन्ही वेळा दोन-तीन सेकंदांच्या आत आल्या तर दाब स्थिर आहे. मग तिन्ही कप चाखा. वेळ सारखा आणि चव वेगळी, एक आंबट आणि एक जळका, असं झालं तर तापमान हलतंय. वेळही वेगळा आणि चवही वेगळी आली, तर आधी स्वतःचा हात तपासा: पूड सारखी पसरली होती का, टॅम्पर सरळ बसला होता का? हात स्थिर करून पुन्हा तीन काढा. चांगला विक्रेता अर्धा तास जास्त द्यायला कुरकुरत नाही.

थोडे पैसे मागे ठेवा

सगळे पैसे मशीनवर घालू नका. दहावा हिस्सा तरी बाजूला ठेवा. त्यात काटा घ्या आणि बास्केटच्या मापाला घट्ट बसणारा धातूचा टॅम्पर घ्या, कारण सोबत येणारा प्लास्टिकचा बहुधा सैल असतो. पूड मोकळी करायला अ‍ॅक्युपंक्चरच्या चार सुया बुचात टोचल्या तरी काम होतं. उरलेल्यात भाजल्याची तारीख छापलेल्या बिया आणा. भाजून आठवडा झालेल्या आणि महिन्याच्या आत संपवायच्या. चिकरी मिसळलेली तयार पूड मात्र पितळी फिल्टरसाठीच राहू द्या. तिथे ती शोभते, या मशीनमध्ये नाही.

मशीन घरी आल्यावर एक महिना एक पथ्य पाळा. एकच बी, १८ ग्रॅम आत, ३६ ग्रॅम बाहेर, आणि बदलायचं ते फक्त दळण. पंधरा सेकंदांत धार संपली आणि कप आंबट लागला तर बारीक करा. पंचेचाळीस सेकंद लागले आणि कडू झाली तर भरड करा. पावसाळ्यात हवा दमट झाली की एखादा क्लिक हलवावा लागेल, तो हलवा. तापमान, बास्केट, नवी उपकरणं यांना महिनाभर हात लावू नका. जे मशीन हा महिना तुम्हाला रोज तेच उत्तर देतं, ते तुमच्या ग्राइंडरच्या तोलाचं आहे. मग गिरणीवाल्यासारखी तुमचीही चिमूट तयार होते, आणि सकाळी पूड बोटांत घेताच आजचा शॉट कसा उतरणार, ते कळायला लागतं.